मास्तर, जरा विचारायचं होतं...

या वेळी टपाल जरा जास्तच आलंय. गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो की पोरांना भावी आमदाराचे बॅनर लावायला आवडतं पण शाळा समितीच्या मीटिंगला बसायला सांगितलं की यांची गाडी पंक्चर होते. त्यावर काही जण चिडले आणि काहींनी खरंच मनापासून विचारलं की मग करायचं काय. म्हणून हा अख्खा अंक त्याच विषयाला. नवीन वाचकांसाठी सांगतो, मी जिल्हा परिषदेचा मास्तर, ३३ वर्षं नोकरी करून केंद्रप्रमुख म्हणून रिटायर झालो, आता नाशकात इंदिरानगरला राहतो, नातवाला शाळेत सोडतो आणि उरलेल्या वेळात तुमची पत्रं वाचतो. नावं आपण छापत नाही, बिनधास्त लिहा.

प्रश्न : मी सिन्नर तालुक्यातला, वय २२, बीएस्सी झालंय, माळेगाव एमआयडीसीत शिफ्टला जातो. माझा पुतण्या गावच्या झेडपी शाळेत पाचवीला आहे पण त्याला आणि त्याच्या मित्रांना धड वाचता येत नाही. शाळेत जाऊन बोललो तर सर म्हणाले, तू कोण विचारणारा. ग्रामपंचायतीत गेलो तर हसले, म्हणे इलेक्शनला उभा राहतोस का. वर्गाचा व्हिडिओ काढून व्हायरल करू का? का सरळ एनजीओ काढू?

अरे बाबा, व्हिडिओ नको. व्हिडिओने काय होतं ते मी पाहिलंय, दोन दिवस फोन वाजतात, सरांना नोटीस जाते, सर सहा महिने कुणाशी बोलत नाहीत आणि पोरांना तरीही वाचता येत नाही ते येतच नाही. एनजीओ पण नको, रजिस्ट्रेशन, ऑडिट, खातं यातच तुझं वर्ष जाईल.

सरांनी ज्या टोनमध्ये विचारलं ते चुकलंच, पण "तू कोण" हा प्रश्न कायद्याने बघितला तर बरोबर आहे रे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्याच्या कलम २१ मध्ये शाळा व्यवस्थापन समिती आहे आणि तिच्यात कमीत कमी तीन चतुर्थांश मेंबर पालक पाहिजेत, आणि एकूण मेंबरांत निम्म्या बायका. अध्यक्ष पालकांतलाच, मुख्याध्यापक फक्त सचिव. म्हणजे कागदावर बघायला गेलं तर गावातली शाळा पालकांच्या ताब्यात आहे. तू पालक नाहीस. पण तुझी वहिनी आहे ना! समितीची मुदत दोन वर्षांची असते, नवी समिती बनते तेव्हा पालकसभा लागते, त्या सभेत वहिनीचं नाव सुचव आणि आधी चार घरी जाऊन सांगून ठेव. वहिनी म्हणेल मला काय कळतं त्यातलं. तेव्हा तिला सांग की भाजीच्या हिशोबात पाच रुपये कमी पडले तर तुला कळतं ना, मग हेही कळेल.

आता इथे माझं पाप सांगतो. मी दिंडोरी तालुक्यात एका शाळेवर मुख्याध्यापक होतो, महिन्याला समितीची मीटिंग घ्यायची असा नियम, आणि मी काय करायचो, इतिवृत्त स्वतःच घरी बसून लिहायचो आणि शिपायासोबत रजिस्टर घरोघर पाठवायचो सह्यांना. "सर्वानुमते ठरले". कुणी कधी विचारलं नाही की बाबा काय ठरलं. द्राक्षाच्या सीझनला तर लोक बागेतच सही करायचे, हाताला औषधाचा वास, रजिस्टरवर निळे डाग. अशी चार वर्षं काढली मी. मग एका वर्षी एक बाई मेंबर झाली, सातवी शिकलेली, ती म्हणाली सर मी वाचल्याशिवाय सही करत नाही, आणि अर्धा तास शिपायाला ओट्यावर बसवून तिने ते पान वाचलं आणि खाली लिहिलं, "मी मीटिंगला नव्हते". तेवढंच. पुढच्या महिन्यापासून मला खरी मीटिंग घ्यावी लागली. माझ्या ३३ वर्षांच्या नोकरीत एवढं मोठं इन्स्पेक्शन कुणी केलं नाही.

तर वहिनी बसली की पहिल्याच मीटिंगला भांडण काढू नका. आधी पोरांना किती येतं ते नीट बघा. "वाचता येत नाही" असं मोघम बोललास तर सर म्हणणार येतं की. प्रथम संस्थेचा असर सर्व्हे २००५ पासून चालू आहे, त्यांची पद्धत इतकी सोपी आहे की तुला एका संध्याकाळी जमेल : एका कागदावर सुटी अक्षरं, मग साधे शब्द, मग पहिलीच्या लेव्हलचा चार वाक्यांचा उतारा, मग दुसरीच्या लेव्हलची छोटी गोष्ट. पोराला मारुतीच्या पारावर बसवून वाचायला दे, जिथे अडेल ती त्याची पायरी. गणितात तसंच, आकडे ओळखणं, हातच्याची वजाबाकी, मग भागाकार. वाडीतल्या वीस-पंचवीस पोरांचं असं करून एक तक्ता बनव, पोरांची नावं न टाकता. पाचवीची किती पोरं अक्षरांवर अडकली, किती उताऱ्यावर. हा कागद घेऊन वहिनीने मीटिंगला जायचं आणि सरांना दोष न देता फक्त एवढंच मागायचं की रोज एक तास पोरांना इयत्तेप्रमाणे न बसवता पायरीप्रमाणे बसवा. आणि त्या तासाला मदतीला मी येतो, हे तू म्हणायचं, शिफ्ट सुटल्यावर. केंद्र सरकारचं विद्यांजली पोर्टल याच कामासाठी आहे, तिथे नाव टाकलंस की सरांनाही वर उत्तर द्यायला बरं पडतं, कोण आला, कशाला आला.

सरांची बाजू पण ऐक जरा. दोन शिक्षकी शाळा म्हणजे दोन-तीन वर्ग एकेकाच्या गळ्यात, वर पोषण आहाराचं रजिस्टर, रोजची ऑनलाइन माहिती, आणि कुणाला तरी बीएलओ म्हणून मतदार यादीचं काम. कायद्याच्या कलम २७ मध्ये लिहिलंय की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून मास्तरला दुसऱ्या कामाला लावायचं नाही. तुम्ही समिती म्हणून त्या कलमाचा हवाला देऊन ठराव केलात तर सर पहिल्यांदा तुमच्याकडे माणूस म्हणून बघतील, मी खात्रीने सांगतो.

पैशाचं पण विचारायचं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला पटाप्रमाणे संयुक्त अनुदान येतं, पट ३० च्या वर आणि १०० पर्यंत असेल तर वर्षाला २५ हजारांपर्यंत. मोठी रक्कम नाहीये, पण ती कशावर गेली हे समितीला माहीत पाहिजे, आणि त्यातला दहावा हिस्सा तरी स्वच्छतेवर जायला हवा. मुलींच्या संडासाचं दार तुटलंय आणि रंगरंगोटी झालीय असं असेल तर विचारायचं.

माहिती अधिकार शेवटी. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, ३० दिवसांत उत्तर. पण बाबा, जे तोंडी विचारून मिळतं त्यासाठी अर्ज टाकलास तर पुढची पाच वर्षं तू गावात "तो आरटीआयवाला" होशील. आधी रजिस्टर मागून बघ.

प्रश्न : मुलगा २७ वर्षांचा आहे. बी.ए. नंतर पाच वर्षं एमपीएससी करतोय, गंगापूर रोडला अभ्यासिका लावलीय, दोनदा प्री निघाली पण मेन्स नाही. त्याचे वडील बोलत नाहीत त्याच्याशी. म्हणतो मला अधिकारी होऊन समाजसेवा करायचीय. थांबवू का अजून एक वर्ष देऊ? (एक आई, नाशिकरोड)

ताई, हे पत्र मी दोनदा वाचलं. दर महिन्याला असं एक तरी येतं.

आधी वस्तुस्थिती. ओपनला वयाची मर्यादा ३८ आहे, मागासवर्गीयांना ४३, म्हणजे कायदा त्याला अजून अकरा वर्षं तरी थांबवणार नाहीये, आणि हीच तर अडचण आहे, कुणीच थांबवत नाही म्हणून पोरं चाळिशीपर्यंत अभ्यासिकेतल्या त्याच खुर्चीवर. त्यात २०२५ पासून राज्यसेवेची मेन्स वर्णनात्मक झाली, १७५० मार्कांचे पेपर आणि २७५ ची मुलाखत, युपीएससीसारखंच. म्हणजे तुमच्या मुलाने जी पाच वर्षं गोल काळे करायची प्रॅक्टिस केली ती अर्धी कामाची, अर्धी नाही. त्याला हे माहीत असणारच पण त्याने घरी सांगितलं नसेल, कारण घरी सांगितलं की बाबा म्हणतील बघ, आता तर आणखी अवघड.

माझा सल्ला असा की "थांब" म्हणू नका आणि "कर बाबा हवं तेवढं" पण म्हणू नका. त्याच्यासोबत बसून एका कागदावर तारीख लिहा. उदाहरणार्थ नव्या पॅटर्नची एक मेन्स पूर्ण तयारीने, आणि तोपर्यंत दिवसाचे चार तास कमावण्याचं काम, मग ट्यूशन असू दे नाहीतर दुसरं काही. तलाठी (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), ग्रामपंचायत अधिकारी, जिल्हा परिषदेच्या भरत्या, या फॉर्मना नाक मुरडतो का ते विचारा. मुरडत असेल तर त्याला समाजसेवेपेक्षा लाल दिव्याची हौस जास्त आहे, आणि तो दिवा तर २०१७ सालीच गाड्यांवरून उतरवला!

आणि एक मला फार खटकतं, त्याला माझ्या वतीने विचारा. पाच वर्षं पंचायतराज पाठ केलंय पोराने, ७३ वी दुरुस्ती, २४ एप्रिल १९९३, अकरावी अनुसूची २९ विषय, झोपेत विचारलं तरी सांगेल, पण महापालिकेच्या जवळच्या शाळेत तरी गेलाय का कधी? तिथेही तीच समिती असते. आठवड्यातून दोन संध्याकाळ तिथल्या पोरांना शिकवू दे. मुलाखतीत उपयोग होईल हे त्याला सांगितलं तरी चालेल, जाईल तरी. वडिलांना म्हणावं निदान जेवताना तरी बोला.

प्रश्न : सर मी एस.वाय.ला आहे. कॉलेज रोडच्या एका हॉटेलात तीन दिवसांचं युवा नेतृत्व शिबिर आहे, फी ४५०० रुपये, सर्टिफिकेट आणि नेत्यांसोबत फोटो. जाऊ का?

नको. ४५०० रुपयांत अख्ख्या ग्रुपला वर्षभर मिसळ होईल.

तुमच्या कॉलेजात एनएसएस आहे का बघ. १९६९ सालापासून चालू आहे, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं गावातलं कॅम्प, आणि फुकट. बरीच कॉलेजं ते झाडं लावून फोटो काढण्यापुरतं करतात हे मला माहितीये, पण कॅम्पला जे गाव मिळेल तिथे खरं काहीतरी कर, वर सिन्नरच्या मुलाला सांगितलं ते वाचनाचं तर नक्कीच जमेल. दुसरं, तुझ्या वर्गातल्या किती जणांचं मतदार यादीत नाव आहे ते विचार, तू दचकशील. १९८९ पर्यंत मतदानाचं वय २१ होतं, ते १८ वर आणायला घटनादुरुस्ती करावी लागली आणि आता पोरांचे फॉर्म ६ भरायचे राहिलेत. वर्षातून चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, आणि १७ पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो. साठ जणांच्या वर्गाचे फॉर्म भरून घे, त्यात तुला कळेल लोकांच्या मागे लागणं म्हणजे काय असतं. स्टेजवर बोलायला कुणालाही येतं गं.

प्रश्न : मी सुरगाणा तालुक्यातून, वय २६, महिला राखीव जागेवर थेट सरपंच म्हणून निवडून आले. पण सगळं काम भाऊसाहेब (ग्रामसेवक, आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) आणि आमचे हे बघतात. मला सही करायला बोलवतात. शाळेचं आणि अंगणवाडीचं काम करायची इच्छा आहे. कुठून सुरुवात करू?

सरपंचताई, आधी एक विचारतो, डोंगल कुठंय?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : ग्रामपंचायतीचं वित्त आयोगाचं पेमेंट आता चेकने नाही, ऑनलाइन जातं, आणि त्याला सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची डिजिटल सही लागते. ती सही एका छोट्या पेनड्राइव्हसारख्या डोंगलमध्ये असते. बहुतेक ठिकाणी सरपंचबाईंचा डोंगल एकतर भाऊसाहेबांच्या बॅगेत असतो नाहीतर तालुक्याच्या ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये, आणि पासवर्ड सगळ्या गावाला पाठ. म्हणजे तुमची सही तुमच्याशिवाय होतेय. तर पहिलं काम, डोंगल मागून घ्या, पासवर्ड बदला, आणि घरात तांदळाच्या डब्यात ठेवा हवं तर. भांडायची गरज नाही, "ऑडिटला माझं नाव येतं म्हणून माझ्याकडे असू दे" एवढंच म्हणायचं. आणि प्रत्येक पेमेंटला कशाचं बिल ते वाचून मगच लावायचं. यांना काय वाटेल असं तुम्ही लिहिलं नाहीये पण मला पत्रात दिसलं. त्यांनाच सांगा की मला गाडीवर तालुक्याला सोडायला या, मीटिंगला बाहेर थांबा. बऱ्याच नवऱ्यांना काहीतरी काम हवं असतं फक्त.

दुसरं, तुमचा तालुका पेसात आहे. पेसा म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींसाठीचा १९९६ चा कायदा, आपल्याकडचे नियम २०१४ चे. तिथे ग्रामसभेला जी ताकद आहे ती आमच्या इकडच्या बागायती गावांना नाही. आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट पेसा गावांना येतो, तो कशावर खर्च करायचा ते ग्रामसभेने ठरवायचं, आणि पाडा वेगळा असेल तर त्या पाड्याची स्वतःची ग्रामसभा होऊ शकते. शाळेचं गळकं छप्पर, अंगणवाडीचं पाणी हे त्या आराखड्यात घालून घ्या. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायचीच, आणि ती ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये नको, विहिरीवर किंवा अंगणवाडीच्या ओट्यावर, दुपारी तीनला, कारण सकाळी बायका येत नाहीत. तिथे जे ठरेल ते इतिवृत्तात जसंच्या तसं उतरवायला लावायचं. दिवाळीनंतर अर्धा पाडा द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतो आणि पोरं पण सोबत जातात, त्यामुळे शाळेचं जे काय ठरवायचं ते लोक खाली उतरायच्या आत.

भाऊसाहेबांशी वाकडं घेऊ नका मात्र. त्यांच्याकडे बहुतेक दोन-तीन गावांचा चार्ज असेल, त्यांना पण रजिस्टर लिहायला कुणीतरी हवंच असतं.

प्रश्न : मास्तर, तुम्ही पोरांना बिघडवताय. बाविशी-पंचविशीत काय अक्कल असते? आधी नोकरी-धंदा करावा, पायावर उभं राहावं, मग गाव सुधारावं. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. (एक ज्येष्ठ वाचक, पंचवटी)

काका, तुम्ही पंचवटीत राहता म्हणजे काळाराम मंदिर तुमच्या घरापासून दहा मिनिटांवर. २ मार्च १९३० ला तिथे बाबासाहेबांनी सत्याग्रह सुरू केला, आणि इथे नाशकात राहून तो ज्यांनी सांभाळला ते दादासाहेब गायकवाड, आपल्या दिंडोरी तालुक्यातल्या आंब्याचे, जन्म १५ ऑक्टोबर १९०२. हिशोब करा, २७ वर्षांचे. आणि एक दिवसाचा मोर्चा नव्हता तो, १९३५ पर्यंत ओढला, दगड खाल्ले, जेल भोगली. सावित्रीबाई १८४८ ला भिडेवाड्यात शिकवायला उभ्या राहिल्या तेव्हा जेमतेम १७ च्या. तेव्हा आमच्या वेळी नव्हतं असं म्हणू नका, तुमच्या आधीपासून होतं.

पण पायावर उभं राहायचं म्हणताय ते मला पटतं, खोटं कशाला बोलू. रिकाम्या खिशाने पुढारपण करणारी पोरं शेवटी कुणाच्या तरी गाडीत मागे बसतात आणि ढाब्याचं बिल कोण भरतो त्याचे होतात, हे आपण द्वारका ते आडगाव रोज बघतोच. म्हणून तर सिन्नरच्या मुलाला मी नोकरी सोड म्हणालो नाही, शिफ्ट सुटल्यावर एक तास म्हणालो. आणि काका, वेळ लागतो या कामांना. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं १९१७ ला, गोखल्यांचं बिल त्याआधी १९११ ला कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गेलं होतं ते पडलं, आणि देशभर हक्क म्हणून लागू व्हायला २०१० उजाडलं. पायावर उभं राहून, लग्न करून, फ्लॅट घेऊन मग सुरू करतो म्हटलं तर रिटायरमेंटच येते. माझंच बघा, मला हे सगळं आता सुचतंय, हातात रजिस्टर होतं तेव्हा नाही.

प्रश्न : आमच्या गावात (निफाड तालुका) ग्रामसभेला कोरमच होत नाही. १५ ऑगस्टला झेंडा झाला की जिलेबी घेऊन लोक घरी. मग तहकूब म्हणून पाटी लावतात. मग उपयोग काय जाऊन?

कोरम, म्हणजे सभा चालायला लागणारी कमीत कमी हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते. आणि आता नीट ऐका : सभा तहकूब झाली की पुढची जी सभा होते तिला कोरम लागत नाही. तिथे सात-आठ टाळकी बसतात आणि तुमच्या गावाचं वर्षाचं सगळं त्या सात-आठ जणांत मंजूर होतं. ती सभा कधी आहे ते ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लिहिलेलं असतं, बोर्डावर नसेल तर शिपायाला विचारा, त्याला माहीत असतं. तुम्ही त्या दुसऱ्या सभेला जा. पाच जण घेऊन जा, लवकर जा, कारण खुर्च्या तेवढ्याच मांडलेल्या असतात.